मांडे की बिबडे

१७ एप्रिल १९९४. देवपूर, धुळे.

लते, हे पान वाचून झालं की चुलीत घाल. मी घाल म्हणते आहे आणि तू ते पिठाच्या डब्याखाली सरकवून विसरून जाणार आहेस, हे मला इथं खाटेवर बसून दिसतंय. भर मांडवात अख्खा उखाणा घडाघडा म्हणून शेवटी नवऱ्याचं नावच विसरलेली सून माझी. सगळे हसले, मी नाही हसले. मी तेव्हाच ओळखलं की या घरातलं सगळं इथून पुढं मलाच ध्यानात ठेवायचं आहे.

लिहितो आहे तो माझा भाचा हिलाल. मास्तर होता, म्हणून अक्षर देखणं, अक्कल बेताची. हे वाक्य लिहायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, सांगणारी मी आहे, तू फक्त पेन चालव.

एरंडोलहून गाडीत खिडकी मिळाली. पारोळ्यापर्यंत हिलाल झोपला, नंतर मी त्याला झोपू दिलं नाही. पांझरा कोरडी ठाक आहे, पात्रात म्हशी नुसत्या उभ्या, पाण्याची वाट बघत. नव्या औषधाची ही संस्था म्हणजे एक मोठा बंगला आहे, दारात दोन कडुनिंब. आत पांढऱ्या चादरी, वाळ्याचा कूलर, बसल्या जागी चहा. माझ्या लग्नातसुद्धा माझी एवढी ऊठबस कुणी केली नव्हती. पोटातली गाठ एवढ्या कामाची असते हे माहीत असतं तर आधीच आणली असती.

आता ठरलेलं पुन्हा सांगते, कारण तू एव्हाना अर्धं विसरली असशील. घरात सरकीची नवी गोण आली की आपण ती आधी भाकड म्हशीपुढे टाकतो. तिला काही झालं नाही तर मग दुभत्या जनावरांना. इथं भाकड म्हैस मी. माझं जे होईल ते होईल. पण माझ्या लेकीच्या, प्रमिलाच्या छातीत गाठ आहे, तिची पोरं अजून तिच्या पदराला धरून चालतात, आणि जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकलेत. हे नवं औषध तिला देण्याजोगं आहे का, हे आधी मी अंगावर घेऊन बघणार.

मी पाठवलेली पानं तू तिला वाचून दाखवशीलच, ती सोडणार नाही. म्हणून ‘ये’ किंवा ‘येऊ नको’ असं मी लिहिणार नाही. लेकीनं धरलेली आस आईच्या तोंडानं तुटायला नको. तोडायची वेळ आली तर तू तोड, सुनेला तसाही दोष येतोच. मी फक्त खायला काय पाठव ते सांगीन. बिबडे मागितले तर औषध चांगलं, प्रमिलाला पाठव. मांडे मागितले तर तिला उंबऱ्याबाहेर पडू द्यायचं नाही, मग बाकी पानभर मी काहीही गोड लिहिलेलं असो. लक्षात ठेवायला सोपं केलंय. बिबडे वाळवलेले ज्वारीचे पापडच, टिकतात, म्हणून आपण सासरी निघालेल्या लेकीच्या पिशवीत घालतो. पुरणाचे मांडे अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, लेक माहेरी बसलेली असते तेव्हा खापरावर टाकतो. बिबडे म्हणजे निघ. मांडे म्हणजे राहा. यात विसरण्यासारखं काय आहे? तूच शोधून काढशील.

१९ एप्रिल

हिलाल गेला. आता लिहिते आहे भिकुबाई, शिरपूरकडची, माझ्या शेजारच्या खाटेवरची. सातवी शिकली आहे आणि ते दिवसातून एकदा तरी सांगते. मनानं चांगली आहे. हेही ती आनंदानं लिहिते आहे, बघ.

आमच्या खोलीत खाटा चार. पलीकडे पडद्याआड धनसिंग आबा, सातपुड्याच्या पायथ्याचा. तंबाखू काढून घेतल्यापासून जगावर रागावलेला आहे. कोपऱ्यात ताईबाई. ती आमच्या आधीपासून औषधावर आहे. फारसं बोलत नाही, तोंड थोडं उघडं ठेवून पडून असते. मी पहिल्या दिवशी म्हटलं, बाई, माशी जाईल. ती हसली नाही. माझ्या बोलण्यावर न हसणारं माणूस मला आवडत नाही.

डॉक्टर म्हणजे जीवराम. रावेरकडच्या केळीवाल्याचा मुलगा, मुंबईला शिकून आला. आपल्याकडचा पोरगा समुद्राला जाऊन काय घेऊन आला, तर एक स्पंज. खडकाला चिकटून राहणारा जीव, ना डोळे, ना तोंड, ना पोट. अंगातून पाणी जाऊ द्यायचं आणि त्यातलं जे सापडेल ते खायचं. मी म्हटलं, असे दोघे तिघे आमच्या भाऊबंदांत आहेत. त्याच जिवातून औषध काढलंय, त्यानं गाठी विरघळतात म्हणे. पण आत्ता ते बघायचं नाही. आत्ता एवढंच बघायचं की माणसाला ते सोसतं का. थोडं थोडं वाढवत जायचं आणि बघायचं. धनसिंग आबानं विचारलं, मी काय उंदीर शे का? जीवराम डॉक्टर म्हणाला, नाही आबा, उंदीर झाले, ससे झाले, आता तुम्ही. असं तोंड वर करून सांगितलं.

मग त्यानं स्पंजाचं एक कौतुक सांगितलं. फडक्यातून गाळून त्याचा कणन् कण वेगळा केला आणि पाण्यात सोडला, तर ते कण एकमेकांना शोधत येतात आणि पुन्हा एक होऊन बसतात. त्याचे डोळे चमकत होते सांगताना. मी म्हटलं, आमच्याकडे एकदा वाटणी झाली की कणसुद्धा परत येत नाही.

कागदावर अंगठा दिला. आधी सगळं वाचून दाखवलं त्यानं. वाचणाऱ्यालाही झोप येत होती.

२२ एप्रिल

औषध सुरू झालं. बाटलीतून थेंब थेंब, हातात सुई. काही नाही झालं. रोज एक बाई येऊन विचारते, उलटी? चक्कर? खाज? लघवी नीट? मी तिला विचारलं, तुला नीट होते का? तर लाजून पळाली.

एकच नवल. बाहेर ऊन असं आहे की कावळासुद्धा तारेवर बसत नाही, आणि मला तहान लागत नाही. दिवसभर तांब्या भरलेलाच. भिकुबाईचंही तेच. रोजचं विचारणाऱ्या बाईला मी सांगितलं. ती म्हणाली, तहान लागत नाही हा त्रास नाही ना? म्हणजे लिहिलं नाही.

उंदरांचं काय झालं, मी आज डॉक्टरला विचारलं. उत्तम, म्हणाला. खाल्लं, प्यायले, वजन घटलं नाही. फक्त सगळे एका ढिगात झोपायचे. उंदीर ढिगात झोपतात, त्यात काय सांगायचं? आपल्या आळीतली माणसं तरी लग्नाच्या घरी कशी झोपतात?

आत्ता खायला काही मागत नाही. अजून कशाचा काही पत्ता नाही.

२६ एप्रिल

तू पाठवलेला ठेचा कंडक्टरनं आणून दिला. भाकरी पाठवायला विसरलीस, ते मी धरूनच चालले होते. इथल्या पांढऱ्या, मुकाट भाकरीबरोबर खाल्ला. इथल्या अन्नाला चव अशी नाहीच, आजाऱ्यानं मरण्याआधी कंटाळावं म्हणून केलेलं असतं.

पण ऐक. मी ठेच्याचा घास घेतला, लसणाचा आणि मिरचीचा जाळ टाळूला गेला, आणि तिकडे कोपऱ्यात ताईबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं ताट अजून आलंही नव्हतं. ती म्हणाली, जास्त झालं गं तिखट. आणि तोंडानं हाय हाय करायला लागली.

मला वाटलं चिडवते आहे. बरं वाटलं, म्हटलं ही बोलायला तरी लागली. दुसरा घास मुद्दाम मोठा घेतला. पडद्याआडून धनसिंग आबानं मला शिवी दिली. अहिराणीतली, अस्सल. भिकुबाई ती लिहायला तयार नाही.

तिसरा घास मी घेतला नाही.

२९ एप्रिल

लते, पोटातली गाठ लहान झाली आहे. मी स्वतः दाबून पाहिली, डॉक्टरनंही पाहिली. आधी हाताला लिंबाएवढी लागायची, आता बोरासारखी. जीवराम डॉक्टरला आनंद मावत नाही. भिकुबाईच्या मानेवरची तर दिसेनाशीच झाली. ती आरशासमोरून हलत नाही, सातवी विसरून गेली आहे.

प्रमिलाला हे वाचून दाखव. हे खरं आहे.

डॉक्टरला आणखी एक आनंद झाला आहे. आमच्या चौघांचं रक्त तपासून आलं आणि सगळ्यांचं एकसारखं निघालं. साखर तेवढीच, मीठ तेवढंच, सगळं तेवढंच. असा एकसारखा निकाल त्यानं पुस्तकातही पाहिला नाही म्हणे, म्हणजे औषध किती भरवशाचं. मी त्याला म्हटलं, बाबा, चार बायकांनी एका परातीतलं पीठ घेऊन भाकरी थापल्या तरी चार तऱ्हेच्या होतात. धनसिंग आबा साठ वर्षं तंबाखू खाणारा पुरुष आणि भिकुबाई एकादशी करणारी बाई, यांचं रक्त एकसारखं कसं? तो प्रेमानं म्हणाला, आजी, ते तुम्हाला कळायचं नाही. खरंय. मला कळायचं नाही आणि त्याला दिसायचं नाही, असे आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो.

मीठ मात्र आम्हाला पुरत नाही. चौघंही खडेमीठ चघळतो. अंगाला वास येतो आहे, ओल्या गोणपाटात काहीतरी जुनं ठेवावं तसा. भिकुबाईला वाटतं समुद्राचा असेल. आम्ही दोघींनी समुद्र पाहिलेला नाही. पण स्वप्नात तिला दिसतो आणि मलाही. खडकाला चिकटून उभं राहायचं, आणि अंगातून पाणी जात राहतं. स्वप्नात भीती नाही वाटत. त्याचीच जागेपणी वाटते.

२ मे

ताईबाई सकाळी गेली. शांतपणे गेली. तिचं वय झालं होतं, हृदय थांबलं, औषधाचा संबंध नाही, असं डॉक्टरनं आम्हाला बसवून समजावलं. तिची गाठ तर पुरती गेली होती. कागदावर ताईबाई बरी होऊन मेली.

तिचे लोक आले, नेलं. खाट धुतली, चादर बदलली. नंतर दुपारी धनसिंग आबा पडद्याबाहेर आला आणि रिकाम्या खाटेवर बसून म्हणाला, माझं हिरवं लुगडं कुठं ठेवलं गं? आवाज त्याचाच. बोलणं तिचं. मग त्यानं डोक्यावरचा नसलेला पदर सारखा केला, अगदी ती करायची तसा, दोन बोटांनी.

मी त्याची थट्टा करायला तोंड उघडलं. त्याऐवजी मला एकदम कळलं की ते लुगडं तिच्या धाकट्या जावेनं नेलं आहे आणि ती परत देणार नाही. हे मला कुणी सांगितलं? ताईबाई माझ्याशी चार वाक्यं बोलली असेल सगळी मिळून.

तिला नेलं, लते. पण ती गेलेली नाही. इथंच आहे, आमच्यात वाटली गेली आहे.

३ मे

वना भेटला. झाडझूड करतो, तुझ्यासाठीची पानं स्टँडवर नेऊन कंडक्टरकडे देतो तो म्हातारा. मी त्याला उंदरांचं विचारलं. त्यानं झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाला, माय, तो ढीग शेवटी सुटला नाही. शेपट्या कुठल्या कुणाच्या ते कळेना. पाय मोजायला गेलो तर मधले पाय नव्हतेच. आणि सगळा ढीग एकदम श्वास घ्यायचा.

डॉक्टरनं तो ढीग तराजूत ठेवला. सगळ्यांचं मिळून वजन बरोबर भरलं. म्हणून औषध सुरक्षित.

हसले मी. हसावंच लागलं. पोटाला पीळ पडेपर्यंत हसले, आणि पडद्यापलीकडे धनसिंगही हसत होता, आणि ही भिकुबाई लिहिता लिहिता.

मी डॉक्टरला सांगितलं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. रोजच्या बाईला म्हणाला, वयोमानानं भ्रम, लिहून ठेवा, किरकोळ. त्यांच्या कागदावर उलटीला जागा आहे, खाजेला जागा आहे. तू अजून तूच आहेस का, हा प्रश्न नाही. तो विचारायचं सुचलंच नाही कुणाला एवढ्या शिकलेल्या माणसांत.

तरी मी आज काही मागत नाही, लते. हात पोटावर ठेवते आणि गाठ सापडत नाही. प्रमिलाचा विचार येतो. तिची गाठ अशीच गेली तर? पोरांना आई राहील. थोडी ताईबाई, थोडा धनसिंग, पण राहील. आईनं असं मोजावं का? मला एक दिवस दे.

५ मे

ठरलं माझं. आणि ठरलं तेवढ्यात —

सांगते. सकाळी धनसिंग माझ्या खाटेशी आला आणि गोड हसला. हा माणूस गोड हसत नाही, त्याला येतच नाही. म्हणाला, अक्का, लेकीसाठी बिबडे मागव ना. ताईबाईची खाट रिकामी शे.

मी त्याला बिबड्यांचं कधी सांगितलं नाही. भिकुबाईला नाही. हिलालनं लिहिलं तेव्हा इथं कुणी नव्हतं. मी फक्त मनात ठेवलं होतं. मन हे कुलूपबंद असतं असं मला वाटायचं. माझ्या मनात आता किती जणांचे पाय वाजतात.

लते, मी तुला आत्ता सांगणार होते काय पाठवायचं. शब्द ओठापर्यंत आला. तिकडे त्यानं ओठ मिटले आणि इकडे माझे —

उद्या. उद्या सांगीन.

६ मे

सौ. लताबाईस, सप्रेम आशीर्वाद. येथे सर्व ठीक आहे. प्रकृती उत्तम आहे. औषध अत्यंत सुरक्षित असून कोणताही त्रास नाही. सर्व तपासण्या समाधानकारक आहेत. येथील मंडळी प्रेमळ आहेत, एकटेपणा वाटत नाही. प्रमिलाला लवकर पाठवावे. खाट तयार आहे. कृपया बिबडे पाठवावेत.

८ मे

भिकुबाई रडते आहे. परवाचं पान मी सांगितलंच नव्हतं. मी एकच शब्द सांगत होते, पुन्हा पुन्हा, तोच एक. ती म्हणते, हात आपोआप चालला, काय लिहिलं आठवत नाही. वनानं ते नेऊन दिलंसुद्धा. मला वाचता येत नाही, लते. साऱ्या जन्मात कधी लाज वाटली नाही त्याची. आज वाटली. माझ्या नावानं काय गेलं हे मला बघता येत नाही.

आज ती तिचीच आहे, म्हणून लिहिते आहे. भरभर लिही गं. लते, पाठव तू —

नाही येत. जीभ टाळूला चिकटते. ठेचा मी खाल्ला आणि आग त्यांना लागली. आता त्यांनी तोंडं मिटली की माझं मिटतं.

कूलर बंद पडला आहे, भिंती तापल्या आहेत, आणि आम्हाला घाम नाही. दिवसातून दोनदा तोंडं उघडतात आमची. सगळ्यांची एकदम. थोडा वेळ उघडी राहतात. मग मिटतात. कशाची वाट बघतो आम्ही? समुद्राचं पाणी तर इथं पन्नास कोसांत —

९ मे

भिकुबाई लिहिताना मी तिचा डावा हात धरून बसले होते, तिला धीर म्हणून. सुटत नाही. ओढला तर दुखत नाही. कातडीला सांधाच सापडत नाही. दोघींचं एकच मनगट.

डॉक्टर आला. हात उलटापालटा करून पाहिला. त्वचेचा किरकोळ विकार, म्हणाला. वजन केलं. दोघींचं एकत्र. बरोबर भरलं म्हणे.

त्याच्या अंगालाही तो वास येतो आहे, गोणपाटाचा. मीठ चघळत होता —

११ मे

वनानं तुझा निरोप सांगितला. बिबडे बांधून ठेवलेत म्हणे. बाकीची पानं म्हातारीचा भ्रम आहेत असं डॉक्टरनं कळवलं, म्हणून तू सहा तारखेचंच खरं धरलंस. आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी प्रमिला निघते. तिनं केस धुतले, नवी चोळी शिवली. पोरांना सांगितलं आई बरी होऊन येते —

धनसिंगनं खाट ओढून आणली. तिन्ही खाटा एकत्र आता. चौथी अशीच ठेवली आहे, उशी लावून. आम्ही तिच्याकडे बघत असतो. सगळे मिळून.

तुझं नाव काय गं? थांब, आठवेल. लत — लता. लता. उखाणा विसरली ती. बघ, मीही —

१२ मे

लते.

हे मी लिहितेय. मी. भिकुबाई झोपली आहे आणि तिचा हात जागा आहे, आणि तो हात माझाही आहे. तिची सातवी माझी झाली. अक्षर वाकडं आहे ना? ते माझं म्हणून. पाटी कधी धरली नाही आणि आज लिहायला लागले, तेसुद्धा दुसरीच्या हातानं. हस थोडी.

ते झोपेत आहेत. जागे होतील. मी काय लिहिते ते त्यांना कळतं, थोडं उशिरा. दूध उतू जाताना तुला कळतं तसं —

सहा तारखेचं पान माझं नाही. जन्मात मी तुला कधी कृपया म्हटलंय का? आशीर्वाद तरी सप्रेम कधी दिला? तेवढ्यावरून कळायला हवं होतं तुला. तुला कळलं नाही. तू ना —

धनसिंग हलला.

काय मागायचं ठरलं होतं ते विसरलीस ना. विसरलीसच. उलटं धरलं असशील. म्हणून ऐक. पिठाच्या डब्याखाली बघ. मी चुलीत घाल म्हटलं होतं. घातलं नसशील. माझी सून आहेस तू, मी सांगितलेलं एक काम धड करत नाहीस. तेवढ्यावर आता माझी लेक —

ते पान तिथं असू दे, देवा. ही विसरलेली असू दे.

ओठ मिटतात. मिटू देत. मला तोंड नको आता —

बिबडे सोड. उकिरड्यावर टाक. खापर काढ, पुरण घाल. आखाजी उद्याच आहे. मांडे पाठव, लते. मांडे. मां